भाषण नको, पोच हवी: गावात कायदा मदत टेबल कसं चालवायचं

कायदेविषयक शिबिराचा साचा ठरलेला आहे. मंडप, मागे फलक, शाल-श्रीफळ, व्यासपीठावर आठ माणसं आणि दोन तासांत बारा कायदे. समोरच्या रांगेत बसलेल्या एखाद्या बाईच्या पिशवीत तलाठ्याकडून आलेली नोटीस असते. तिची मुदत परवा संपणार असते. ती नोटीस बाहेर काढून कुणाला दाखवायची संधी त्या दोन तासांत येत नाही, आणि आभारप्रदर्शन झालं की वक्त्यांची गाडी निघून जाते. हजेरीपटावर सही मात्र राहते.

माणूस कायदा शिकतो तो स्वतःच्या कागदावरून. अर्ज लिहिला, कार्यालयात दिला, शिक्का मारलेली पोच हातात आली, पुढची तारीख कळली, की तेवढा कायदा तो जन्मभर विसरत नाही आणि शेजाऱ्यालाही सांगतो. म्हणून इथे शिबिराऐवजी आठवड्यातून एकदा बसणाऱ्या मदत टेबलाची रीत दिली आहे. महिला मंडळ, ग्रामवाचनालय, विधी महाविद्यालयाचे विद्यार्थी किंवा चार-पाच जाणती माणसं हे काम करू शकतात. उदाहरणं आणि कार्यालयांची नावं महाराष्ट्रातली आहेत.

आधी महिनाभर नुसतं बघा

काय शिकवायचं हे आधी ठरवू नका. सुरुवातीचा एक महिना चावडी, रेशन दुकान, सेतू केंद्र, आठवडी बाजार आणि तहसीलचा आवार इथे लोकांच्या हातात कोणते कागद दिसतात ते वहीत टिपा. बहुतेक गावांत यादीच्या वरच्या टोकाला जमीनच निघते: फेरफार (जमिनीच्या नोंदीतला बदल), वारस नोंद, मोजणी, बांधावरचं भांडण. त्यानंतर नवऱ्याने टाकलेल्या किंवा मारहाण होणाऱ्या बायका, म्हाताऱ्या आईबापांची आबाळ, पोलिसांनी न घेतलेली फिर्याद, निराधार योजनेचा अडलेला अर्ज, खासगी सावकार. आदिवासी पट्ट्यात वनहक्क दावे येतील, शहरालगत बिल्डर आणि मोबाइलवरची फसवणूक. तुमच्या यादीतले पहिले चार विषय घ्या. बाकीचे आले तर योग्य दार दाखवा, तेवढं पुरे.

जागा, वार आणि माणसं

वार बाजाराचा ठेवा. त्या दिवशी बाई एकटी घराबाहेर पडली तरी कुणी विचारत नाही. जागा निवडताना एकच प्रश्न विचारा: ज्याच्याविरुद्ध तक्रार असू शकते त्याचं हे घर किंवा कार्यालय आहे का? ग्रामपंचायतीची खोली फुकट मिळते, पण सरपंचाविरुद्धचा माणूस तिथे पाऊल ठेवणार नाही. पुढाऱ्याच्या वाड्याचं, पक्ष कार्यालयाचं आणि देवळाचंही तेच. शाळेची खोली किंवा वाचनालय बरं. आत एक कोपरा असा हवा की बोलणं बाहेरच्या बाकावर ऐकू जाणार नाही. एवढं नसेल तर मारहाणीची किंवा अब्रूची गोष्ट कुणी बोलणारच नाही, आणि ‘आमच्याकडे अशा केसेस नाहीत’ असा भ्रम तुम्हाला होईल.

टेबलावर दोघं असावीत, त्यात एक बाई हवीच. एक ऐकतो, दुसरा लिहितो. दोन्ही कामं एकट्याने केली की तारखा चुकतात.

सामान फार लागत नाही. पक्क्या बांधणीची नोंदवही, कार्बन पेपर, स्टेपलर, शाईचा पॅड, दहा रुपयांची कोर्ट फी तिकिटं, पोस्टाची पाकिटं, छापील कोरे अर्ज, भिंतीवर मुदती लिहायला मोठ्या चौकटींचं कॅलेंडर, आणि ई-कोर्ट्सचं ॲप असलेला एक फोन. कोर्टातल्या प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असतो. तो टाकला की पुढची तारीख आणि मागच्या तारखेला काय झालं ते दिसतं. ‘वकील काही सांगतच नाही’ ही तक्रार यातून पुष्कळदा तिथल्या तिथे मिटते, किंवा खरी ठरते.

एक नियम पहिल्या दिवसापासून पाळा: मूळ कागद ठेवून घ्यायचा नाही. झेरॉक्स घ्या, मूळ परत द्या, ‘मूळ परत मिळाले’ अशी वहीत सही घ्या. एखादं मूळ खरेदीखत तुमच्या कपाटातून गहाळ झालं तर टेबल त्याच दिवशी बंद पडेल.

मोफत वकील: कुणाला, कुठे, कसा

राज्यघटनेच्या अनुच्छेद ३९-अ मध्ये मोफत कायदे साहाय्याचं तत्त्व आहे. त्यासाठीचा विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ चा असला तरी तो प्रत्यक्ष लागू झाला ९ नोव्हेंबर १९९५ रोजी. तालुक्याच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती असते, जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. तुमचं टेबल या दोघांना जोडलेलं नसेल तर ते नुसतं सल्ल्याचं दुकान होईल.

कलम १२ प्रमाणे हक्कदार कोण, हे पाठच करा. अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती, स्त्री किंवा मूल, अपंग व्यक्ती, औद्योगिक कामगार, मानवी तस्करी किंवा वेठबिगारीला बळी पडलेली व्यक्ती, पूर, दुष्काळ, भूकंप, जातीय अत्याचार अशा आपत्तीत सापडलेली व्यक्ती आणि कोठडीतली व्यक्ती. यांना उत्पन्नाची अट नाही. बाकीच्यांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा तीन लाख रुपये आहे. सर्वांत जास्त गोंधळ स्त्रियांबाबत होतो. नवऱ्याची वीस एकर बागायत आहे म्हणून बाईला मोफत वकील नाकारता येत नाही. तिच्याकडे उत्पन्नाचा दाखला मागितला गेला तर कलम १२ चा हवाला देऊन लेखी उत्तर मागा.

अर्ज साधा असतो: नाव, पत्ता, कोणत्या गटात बसता, प्रकरण थोडक्यात, आणि कागदांच्या प्रती. लिहिता न येणाऱ्याचं म्हणणं तिथल्या अधिकाऱ्याने उतरवून घेऊन अंगठा घ्यायचा, अशी तरतूद आहे. अर्जावर सात दिवसांच्या आत निर्णय व्हायला हवा. अर्ज फेटाळला तर अध्यक्षांकडे अपील करता येतं. १५१०० हा मोफत क्रमांक देशभर चालतो. मिळणाऱ्या मदतीत वकिलाची फी तर येतेच, शिवाय कोर्ट फी, टंकलेखन, नकला आणि कागदांचं भाषांतर यांचा खर्चही येतो.

आता बिघडतं कुठे ते. पहिलं, अर्ज हातोहात दिला जातो आणि पोच घेतली जात नाही. मग सात दिवस मोजायचे कुठून? दोन प्रती न्या, दुसरीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. दुसरं, नेमलेला वकील ‘झेरॉक्सला’, ‘टायपिंगला’ म्हणून पैसे मागतो. पॅनेलवरच्या, म्हणजे विधी सेवेच्या यादीतल्या, वकिलाला पक्षकाराकडून एक रुपयाही घेता येत नाही. पैसे मागितले तर समितीच्या अध्यक्षांना किंवा प्राधिकरणाच्या सचिवांना लेखी कळवा आणि वकील बदलून मागा. तिसरी चूक आपल्या बाजूची असते. पक्षकार वकिलाला एकदा भेटतो, वकीलपत्रावर सही करतो आणि सहा महिने फिरकत नाही. मोफत मिळालेल्या वकिलालाही माहिती पुरवावी लागते. पहिल्या भेटीला टेबलावरचा एक जण सोबत जावा आणि तारीखवार टिपण वकिलाच्या हातात द्यावं.

कुणाला अटक झाली असेल तर जिल्हा न्यायालयातलं लोकअभिरक्षक कार्यालय गाठा. फौजदारी खटल्यात आरोपीच्या बचावासाठी पूर्णवेळ वकील नेमणारी ही व्यवस्था २०२२ पासून उभी राहिली आहे. नातेवाइकांना तीन गोष्टी सांगा. अटकेपासून चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करावंच लागतं. गुन्ह्याच्या स्वरूपानुसार साठ किंवा नव्वद दिवसांत आरोपपत्र आलं नाही तर जामिनाचा हक्क उभा राहतो, पण तो मागावा लागतो, आपोआप मिळत नाही. आणि पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ तुरुंगात काढला असेल तर नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या) कलम ४७९ खाली त्याच्या सुटकेचा विचार करावा लागतो. जन्मठेप किंवा फाशीचे गुन्हे आणि एकाहून अधिक प्रलंबित प्रकरणं याला अपवाद आहेत.

समितीकडे तुमच्यापैकी दोघांची नावं विधी स्वयंसेवक म्हणून द्या. प्रशिक्षण आणि ओळखपत्र मिळालं की पोलीस ठाण्यात आणि तहसीलमध्ये ‘तुम्ही कोण?’ हा प्रश्न निम्मा होतो. महिन्यातून एकदा पॅनेल वकिलाने टेबलावर यावं अशी लेखी विनंती करा. आधी गावातल्या टेबलाची तीन महिन्यांची वही दाखवलीत तर ही विनंती मान्य होण्याची शक्यता वाढते.

माणूस समोर बसला की

पहिली दहा मिनिटं लिहू नका, ऐका. माणूस गोष्ट मधूनच सुरू करतो, आजोबांपर्यंत मागे जातो, भावजयीचा राग काढतो. काढू द्या. मग तीन प्रश्न विचारा: कागद कोणता आला, त्यावर तारीख कोणती, आणि तुम्हाला नेमकं काय हवंय? तिसरा प्रश्न विचारायचा राहून जातो. मारहाण झालेल्या बाईला तुरुंगात नवरा हवा असतो असं नाही. तिला कधी घरात राहायला जागा हवी असते, कधी मुलाच्या शाळेचा खर्च, कधी फक्त स्वतःचे दागिने. त्यावर पुढचा रस्ता ठरतो.

उत्तरं आल्यावर कोऱ्या कागदावर उभी रेघ ओढा. डावीकडे तारीख, उजवीकडे घटना, आणि घटनेसमोर पुरावा. पुरावा नसेल तिथे रिकामी चौकट. रिकाम्या चौकटी म्हणजे पुढच्या आठवड्याचं काम.

फेरफाराच्या नोटिशीचंच घ्या. गावोगाव हीच सर्वांत जास्त येते. वडील वारले, भावांनी वारस नोंदीचा अर्ज दिला, त्यात बहिणींची नावं नाहीत. तलाठी (आताचे ग्राम महसूल अधिकारी) फेरफार नोंदवहीत नोंद धरतात, चावडीवर लावतात आणि हितसंबंधितांना नमुना ९ ची नोटीस देतात. हरकतीला मुदत पंधरा दिवस. बहीण सासरी असते, नोटीस माहेरच्या पत्त्यावर जाते, भाऊ सही करून घेतो आणि सोळाव्या दिवशी नोंद प्रमाणित होते. म्हणून पहिलं काम हरकत अर्ज. भाषा साधी ठेवा: ‘मयत अमुक यांची मी मुलगी आहे. फेरफार क्रमांक तमुक यामध्ये माझे नाव वारस म्हणून घेतलेले नाही. नोंदीस माझी हरकत आहे. मला सुनावणीची संधी द्यावी.’ सोबत नात्याचा पुरावा: शाळा सोडल्याचा दाखला, जुनं रेशन कार्ड, वडिलांचा मृत्यू दाखला. पोच घ्या. हरकत आली की नोंद तक्रारी नोंदवहीत जाते आणि सुनावणी घ्यावी लागते.

नोंद आधीच प्रमाणित झाली असेल तर प्रांताधिकाऱ्यांकडे साठ दिवसांत अपील. उशीर झाला असेल तर विलंब माफीचा वेगळा अर्ज, त्यात नोटीस का मिळाली नाही याचं कारण. इथे एक गैरसमज दूर करा. सातबाऱ्यावर नाव नाही म्हणजे हक्क गेला असं नाही. सातबारा हा महसुली नोंदीचा कागद आहे. मालकीचा वाद दिवाणी न्यायालयात सुटतो. पण सातबाऱ्यावर एकट्याचं नाव राहिलं की जमीन विकायला वाट मोकळी होते, म्हणून हरकत टाळू नये.

भिंतीवर लिहायच्या मुदती

हे कॅलेंडरशेजारी मोठ्या अक्षरात लावा. लोक वाट बघत बसलेले असतात, वाचतात.

फेरफाराची हरकत: नोटिशीपासून १५ दिवस.
तलाठी, मंडळ अधिकारी किंवा तहसीलदारांच्या आदेशावर महसुली अपील: ६० दिवस.
माहिती अधिकार: उत्तर ३० दिवसांत, न आल्यास किंवा अपुरं आल्यास ३० दिवसांत पहिलं अपील, त्यानंतर ९० दिवसांत दुसरं.
न वटलेला चेक: बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यापासून समोरच्याला १५ दिवस, पुढे एका महिन्यात तक्रार.
ग्राहक तक्रार: दोन वर्षं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही.
मोबाइलवरून पैसे गेले: त्याच तासाला १९३० या क्रमांकावर फोन. उद्यापर्यंत थांबलात तर पैसे चार खात्यांतून पुढे गेलेले असतात.

माहिती अधिकाराबाबत महाराष्ट्रातले दोन नियम लोकांना अडवतात. एका अर्जात एकच विषय आणि मजकूर साधारण दीडशे शब्दांत. ‘गेल्या दहा वर्षांतल्या सर्व कामांची माहिती द्या’ असा अर्ज हमखास परत येतो. ‘अमुक रस्त्याच्या कामाची मोजमाप पुस्तिका आणि अंतिम देयकाची प्रत द्या’ असं मागा. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला दहा रुपयेही लागत नाहीत, दाखल्याची प्रत जोडायची.

आणखी एक खर्च हमखास वाचतो. जात, उत्पन्न, रहिवास अशा दाखल्यांसाठी शासकीय कार्यालयात आणि न्यायालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला महाराष्ट्रात २००४ पासून मुद्रांक शुल्क माफ आहे. तरी तहसीलच्या आवारात लोक शंभराचा, आता पाचशेचा, स्टॅम्प विकत घेताना दिसतात. साध्या कागदावर लिहा. खिडकीवर नाकारलं तर नाकारल्याचं लेखी मागा. लेखी देण्यापेक्षा अर्ज घेणं त्यांना सोपं वाटतं.

पोलीस ठाणं

तोंडी सांगायला पाठवू नका, फिर्याद लिहूनच न्यायची. कोण, कुठे, केव्हा, काय, कुणी पाहिलं. शिव्या तशाच्या तशा, सभ्य करून नव्हे. जातिवाचक बोलणं असेल तर शब्दन् शब्द. ठाणे अंमलदाराने ‘एनसी घेतो’ म्हटलं तर थांबा. अदखलपात्र नोंदीवर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करत नाहीत. हाड मोडलं, शस्त्र वापरलं, घरात घुसले, चोरी झाली, तर प्रथम खबर अहवालच (एफआयआर) हवा. जखमी माणसाला आधी सरकारी दवाखान्यात न्या. तिथला जखमांचा दाखला पुढे बोलतो.

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिच्या कलम १७३ खाली हद्द कुठलीही असो, कोणत्याही ठाण्यात फिर्याद देता येते. इलेक्ट्रॉनिक मार्गाने कळवलं तर तीन दिवसांत सही करावी लागते. प्रत फुकट मिळते. फिर्याद घेतली नाही तर तीच लेखी, पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवायची. तरी काही झालं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. क्रम चुकवू नका. अधीक्षकांना पाठवल्याची पावती नसेल तर दंडाधिकारी पहिला प्रश्न तोच विचारतील. रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालं आहे, तेव्हा स्पीड पोस्टची पावती आणि पोहोचल्याची नोंद दोन्ही फाइलला लावा.

साक्षीदार म्हणून बाईला, साठीपुढच्या किंवा पंधरा वर्षांखालच्या पुरुषाला आणि अपंगाला ठाण्यात बोलावता येत नाही, पोलिसांनी घरी जायचं असतं. हे एक वाक्य माहीत असलं तरी गावात बरीच भीती उतरते.

घरातल्या गोष्टी

मारहाण होणाऱ्या बाईला पोलीस ठाणं हा एकच रस्ता नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्यांकडे जाता येतं. ते घटनेचा अहवाल भरून दंडाधिकाऱ्यांकडे पाठवतात. राहतं घर, खर्च, मुलांचा ताबा, मारहाणीला मनाई हे सगळं एकाच अर्जात मागता येतं. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत लागावी असं कायदा म्हणतो. तेवढ्यात ती लागत नाही हे खरं, म्हणून अंतरिम आदेशाची मागणी पहिल्याच अर्जात लिहा, मागाहून नव्हे. अर्ज ती सध्या राहते तिथल्या, म्हणजे माहेरच्याही, न्यायालयात चालतो.

आईबापांसाठी २००७ चा कायदा आहे. अर्ज प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणापुढे जातो, वकील लागत नाही, दरमहा दहा हजारांपर्यंत निर्वाह भत्ता मिळू शकतो. इथे खरा सल्ला वेळेआधी द्यायचा आहे. मुलाच्या नावे बक्षीसपत्र करताना ‘हयातभर सांभाळ करण्याच्या अटीवर’ हे शब्द दस्तात घाला. सांभाळ झाला नाही तर कलम २३ खाली तो दस्त रद्द करून घ्यायला त्याच शब्दांचा आधार होतो.

सावकाराने जमीन लिहून घेतली असेल तर २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियमाचं कलम १८ पाहा. बेकायदा सावकारीतून गेल्या पंधरा वर्षांत गेलेली जमीन परत मिळवण्यासाठी जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. खरेदीखत नोंदवलेलं असलं तरी. अडचण पुराव्याची असते. व्याज दिल्याच्या चिठ्ठ्या, फोनवरचे संदेश, जमिनीचा ताबा अजून तुमच्याकडेच असल्याचा पंचांचा जबाब, आणि त्याच सावकाराने इतरांकडूनही अशीच खतं केल्याच्या नकला. चार शेतकरी एकत्र आले तर बळ येतं, एकटा टिकत नाही.

शिकवण्याची बैठक

महिन्यातून एक, पाऊण तासाची. एक बैठक, एक कागद. हक्कसोडपत्रावर घ्यायची असेल तर नावं झाकलेली हक्कसोडपत्राची प्रत प्रत्येक दोघींत एक द्या आणि मोठ्याने वाचायला लावा. ‘कोणत्याही दडपणाशिवाय, स्वखुशीने’ या ओळीशी थांबा. ही सही झाली की नंतर ‘मला माहीत नव्हतं’ म्हणणं किती अवघड आहे ते सांगा. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच वाटा आहे, हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने तो जन्मापासून आहे, आणि वडील दुरुस्तीच्या तारखेला हयात नसले तरी तो जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे. मग प्रश्न येतोच: ‘वाटा मागितला तर माहेर तुटतं, त्याचं काय?’ याला कायद्यात उत्तर नाही. उत्तर असल्याचा आव आणू नका. सही न करता गप्प राहणं हाही एक पर्याय आहे, एवढं सांगा. हक्क न मागणं वेगळं आणि सोडून देणं वेगळं, हा फरक बायकांना चटकन कळतो.

शेवटी ‘समजलं का?’ विचारू नका, सगळे होच म्हणतात. एकीला तलाठी करा, एकीला भाऊ, एकीला बहीण. नोटीस आलीय, करून दाखवा. कुठे अडतं ते तिथे दिसतं. बहुतेक वेळा अडतं ते कायद्यात नाही, ‘साहेब, पोच द्या’ हे म्हणण्यात. तेच चार वेळा म्हणवून घ्या.

वेळापत्रक पिकांप्रमाणे. बीड, धाराशिव, अहिल्यानगरच्या ऊसतोड गावांत दिवाळीनंतर बैठक लावाल तर समोर म्हातारीकोतारी आणि लहान पोरं उरतील. तिथे दसऱ्याआधी किंवा गुढीपाडव्यानंतर घ्या, आणि दसऱ्याआधीचा विषय उचल हाच ठेवा: मुकादमाकडून घेतलेली रक्कम, तारीख, कोयत्यांची (ऊस तोडणाऱ्या जोड्यांची) संख्या वहीत लिहून दोघांच्या सह्या. गोंडी, पावरी, कोरकू बोलणाऱ्या गावात दुभाष्याने ओळीओळीचं भाषांतर करण्यापेक्षा त्याच गावच्या दोघांना आधी तयार करा आणि बैठक त्यांनाच घेऊ द्या. ‘वारस’, ‘हरकत’, ‘जामीन’ हे शब्द त्यांच्या बोलीत कसे सांगायचे हे तेच ठरवतील.

तडजोड कुठे, कुठे नाही

बांध, उसनवारी, अपघाताची भरपाई, पोटगीची रक्कम, वीजबिल हे लोकअदालतीत मिटवणं शहाणपणाचं. फी नाही, आधी भरलेली कोर्ट फी परत मिळते आणि निवाड्याला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचं बळ असतं. पण त्यावर अपीलही नाही. म्हणून सही करण्याआधी निवाडा मराठीत वाचून घ्या, रक्कम आणि तारखा आकड्यांत व अक्षरांत आहेत का बघा, आणि ‘हप्ता चुकल्यास काय’ हे वाक्य घालून घ्या. हे वाक्य नसलेल्या तडजोडी पुढच्या वर्षी पुन्हा टेबलावर येतात.

स्टॅम्प पेपरवर गावात केलेली ‘आपसांतली फारकत’ काही समाजांच्या रूढ प्रथेचा अपवाद सोडता घटस्फोट होत नाही. अशा कागदावर दुसरं लग्न करून बसलेली माणसं टेबलावर येतील.

बलात्कार, मुलांवरचा लैंगिक अत्याचार, जातीय अत्याचार यात टेबलाने मध्यस्थी करायची नाही, चहा पाजून दोघांना समोरासमोर बसवायचंही नाही. मुलांवरच्या अत्याचाराची माहिती असणाऱ्या प्रत्येकावर पोलिसांना किंवा बाल पोलीस पथकाला कळवण्याचं कायदेशीर बंधन आहे, आणि ते तुमच्यावरही आहे. बालविवाहाची खबर असेल तर ग्रामसेवक (आताचे ग्रामपंचायत अधिकारी) हाच गावातला प्रतिबंध अधिकारी, आणि १०९८ वर फोन. टेबल प्रतिष्ठित झालं की गावकरी ‘तुम्हीच निकाल द्या’ म्हणू लागतात. ही स्तुती नाकारायची. निकाल, दंड, वाळीत टाकण्याची धमकी यातलं काहीही तुमच्या टेबलावर झालं तर तुमची जात पंचायत झाली, आणि २०१६ च्या सामाजिक बहिष्कार विरोधी कायद्यात आरोपी म्हणून तुमचीच नावं येतील.

कोर्टात दुसऱ्याच्या वतीने बाजू मांडणं, दस्त तयार करून पैसे घेणं, ‘साहेब ओळखीचे आहेत’ म्हणून काम करून देणं, हेही नाही. टेबलावर पैशाचा डबा ठेवूच नका. झेरॉक्स आणि तिकिटाचा खर्च ज्याचा त्याने दुकानात द्यावा. एजंटाचा शिक्का एकदा बसला की तो धुऊन निघत नाही, आणि तहसीलच्या आवारातले खरे एजंट तो बसवायला टपलेलेच असतात.

वही

प्रत्येक प्रकरणाला एक पान. अनुक्रमांक, गाव, विषय, पहिली तारीख, दिलेला अर्ज, आवक क्रमांक, मुदत, पुढचं काम, कुणाकडे. अत्याचाराच्या प्रकरणात नावाऐवजी क्रमांक, आणि नावांची यादी वेगळ्या कुलपात. दर आठवड्याला टेबल उघडताना मागची चार पानं आधी उलटा, नव्यांना मग बोलवा.

तीन महिन्यांनी मोजायचं ते ‘किती लोक आले’ हे नव्हे. किती अर्जांना आवक क्रमांक मिळाला, किती मुदती पाळल्या गेल्या, किती चुकल्या आणि का, किती जणांनी दुसरा अर्ज तुमच्या मदतीशिवाय स्वतः दिला. हा शेवटचा आकडा वेगळ्या शाईने लिहा. चुकलेल्या मुदतींचं पान तालुका समितीच्या बैठकीत घेऊन जा. एकाच टपाल पेटीत, एकाच टेबलाशी किंवा एकाच सुट्टीच्या आठवड्यात त्या अडकलेल्या असतात, आणि समितीचे अध्यक्ष न्यायाधीश असल्याने त्यांनी पाठवलेलं एक पत्र तुमच्या दहा फेऱ्या वाचवतं.